म्हणे बंगल्यात पत्ते कुटत बसले होते

परवा परत तोच फॉरवर्ड आला. एका पत्त्याचं चित्र आणि खाली मजकूर, की १९४० मध्ये युरोप जळत होता आणि हे सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि सुप्त मनातून चित्रं काढणारे चित्रकार फ्रान्सात मार्सेयजवळच्या बंगल्यात पत्ते कुटत बसले होते, पत्तेही कसले तर पोरांनी मारल्यासारख्या रेघोट्यांचे, आणि मग सगळे पेगी गुगेनहाइम ह्या श्रीमंत अमेरिकन कलासंग्राहक बाईच्या पैशावर अमेरिकेत पळाले. मार्सेय म्हणजे आपलं मार्सेलिस, सावरकरांच्या उडीचं.

आधी बंगल्याचं बघू. व्हिला एअर-बेल त्याचं नाव. जून १९४० मध्ये फ्रान्स हरला आणि तहात एक कलम आलं की जर्मनी ज्या जर्मन माणसाचं नाव देईल तो फ्रान्सने हवाली करायचा. ह्या चित्रकारांपैकी माक्स अर्न्स्ट जर्मन, त्याला तर फ्रेंचांनीच आधी शत्रुदेशाचा माणूस म्हणून छावणीत टाकलेलं. व्हिक्टर ब्राउनर आणि जाक एरोल्ड रुमानियातले ज्यू. व्हॅरियन फ्राय नावाचा अमेरिकन पत्रकार ऑगस्टमध्ये सुमारे २०० जणांची यादी घेऊन तिथे उतरला, त्यांना बाहेर काढायला, आणि ही मंडळी बंगल्यात थांबली होती ती व्हिसासाठी. फ्रान्स सोडायचा वेगळा, वाटेतल्या देशांचा वेगळा, जायचं तिथला वेगळा, एक हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. डिसेंबरमध्ये हरलेल्या फ्रान्सचा सत्ताप्रमुख मार्शल पेतां शहरात येणार म्हणून पोलिसांनी फ्राय, सररिअलिस्टांचा म्होरक्या कवी आंद्रे ब्रतों वगैरेंना उचलून काही दिवस बंदरातल्या जहाजावर डांबलं. ह्याला पिकनिक म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता खेळायचे हे खरंच आहे, नाकारत नाही. जेवणाच्या टेबलावर फुलांच्या जागी ब्रतोंने बाटलीत जिवंत प्रार्थना-कीटक ठेवलेले, म्हणजे माणूस विक्षिप्त होताच! पण पत्ते "कुटत" नव्हते हो, नवे काढत होते. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर काढून टाकले आणि त्या जागी प्रेमाची ज्योत, स्वप्नाचा काळा तारा, क्रांतीचं रक्ताळलेलं चाक, ज्ञानाचं कुलपाचं भोक. राजा, राणी, गुलाम पण बाद, त्यांच्या जागी प्रतिभावंत, सायरन (ग्रीक कथांतली, गाऊन भुलवणारी), मांत्रिक. स्वप्नाचा मांत्रिक मनोविश्लेषक फ्रॉइड, जो नाझींमुळे व्हिएन्ना सोडून वर्षभरापूर्वीच लंडनमध्ये वारला होता. क्रांतीचा मांत्रिक मेक्सिकोचा क्रांतिकारक पांचो व्हिया. कुलपाचं भोक स्वतः ब्रतोंने काढलंय, व्हिसासाठी ताटकळणाऱ्या माणसाने, आता ह्यावर मी काय बोलू. आणि ब्रतोंने पुढे लिहिलं की पत्त्यांचं रूप इतिहासात बदललंय ते मोठ्या लष्करी पराभवांनंतरच, म्हणजे युद्धाकडे पाठ फिरवून नाही, हरलेल्या देशात बसून केलेलं काम आहे हे.

रेघोट्यांबद्दल एवढंच की ही आठ जणांची मूळ ड्रॉइंग्ज आहेत, छपाईसाठी चित्रकार देलांग्लादने ती नंतर एका हाताने, एकसारखी परत काढली. मूळ चित्रं मार्सेयच्या कांतिनी म्युझियममध्ये आहेत.

आणि "सगळे अमेरिकेत पळाले" हे तर साफ खोटं. ब्रतोंच्या कुटुंबाचं बोटीचं भाडं पेगीने भरलं, बरोबर. ब्रतों आणि चित्रकार विफ्रेदो लाम मार्च १९४१ मध्ये एकाच जहाजाने मार्तिनिकला निघाले, त्याच बोटीवर मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसही होता. पण लाम न्यूयॉर्कला नाही, घरी क्यूबाला गेला आणि तिथे "द जंगल" रंगवलं. पत्ते काढणाऱ्यांतलाच दोमिंगेझ पॅरिसला परतला, नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसला. बंगल्यात नसलेल्या सररिअलिस्टांचंही बघा, जर्मनांच्या ताब्यातल्या जर्सी बेटावर क्लोद काउँ आणि मार्सेल मूर ह्या दोघी जर्मन सैनिकांच्या खिशात त्यांच्याच भाषेतली पत्रकं सरकवत होत्या, नोव्हेंबर १९४४ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, अंमल झाला नाही म्हणून वाचल्या.

एरोल्ड फ्रान्समध्येच राहिला, ब्राउनरही. ब्राउनरला व्हिसा मिळालाच नाही, एक डोळा १९३८ मध्येच गेलेला, तो आल्प्सकडच्या एका खेड्यात लपून राहिला. रंग मिळेनात म्हणून मेणबत्तीचं मेण वापरून चित्रं काढायचा.