पोरी आमच्या, फ्लेक्स त्यांचा

आज तालुक्याच्या शालेय खो-खोला गेलो होतो. गेलो म्हणजे काय, आमच्या झेडपी शाळेच्या पोरींना न्यायला गाडी नव्हती, म्हणून माझी पिकअप काढली. १४ वर्षांखालचा गट. डावाने हरलो. हरण्याचं काही नाही, मीसुद्धा ह्याच शाळेकडून खेळून हरूनच परत यायचो.

पण समोरच्या टीममध्ये तीन पोरी आमच्याच! मेपर्यंत आमच्या वर्गात बसत होत्या. सुट्टीत एका निवासी शाळेची माणसं गावात आली, फी माफ, हॉस्टेल फुकट, आणि दाखले काढून नेले. नाव लिहीत नाही.

त्यातल्या एकीला खांबावर सूर मारायला कुणी शिकवलं? आमच्या गुरुजींनी. ते गणित शिकवतात, पोषण आहाराचा तांदूळ मोजतात, ऑनलाइन माहिती भरतात आणि शाळा सुटल्यावर पोरींना पळवतात. तुम्ही नुसत्या पोरी पळवता! आमच्या शाळेच्या मैदानातले दोन्ही खांब बाभळीचे, गुरुजींनी आणि मी रोवलेले. एक कललाय. त्याच कललेल्या खांबापाशी ती पोरगी दोन वर्षं गुडघे फोडून घेत होती. आज तिने तसाच सूर मारून आमच्या तिघी बाद केल्या. आणि आत्ता त्यांचा फ्लेक्स व्हॉट्सॲपवर फिरतोय, ‘आम्ही विजेते घडवतो’. कधी घडवलंत हो? जूनपासून आजपर्यंत?

पोरीचं भलं झालं ना, असं म्हणाल. झालं. दूध-अंडी, मॅट, पायात धड बूट. आणि हो, माझा मुलगाही इंग्लिश मीडियमलाच आहे, कमेंटमध्ये आठवण करून देऊ नका. सगळ्याच खाजगी शाळांना बोलत नाहीये. रयतसारख्या संस्थांपुढे हातच जोडतो.

खरं तर सरकारवरच जास्त चिडायला पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक द्यायचं लिहिलंय. आमचा पट कधी तिथवर पोचलाच नाही. त्यात दाखले असे गेले की आणखी खाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकला तेव्हा महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळेचा फोटो सगळ्यांनी स्टेटसला ठेवला होता. मीही. तेव्हाही खांब कललेलाच होता.

निदान एवढा नियम करा, दाखला हलवून वर्ष झालं नसेल तर प्रमाणपत्रावर जुन्या शाळेचंही नाव टाका. पैसा लागत नाही त्याला.

निघताना ती पोरगी नव्या ट्रॅकसूटमध्ये पिकअपपाशी येऊन उभी राहिली. आमच्या पोरी आधी गप्पच. मग एकीने भडंगाची पुडी पुढे केली. तिने मूठभर घेतलं आणि गुरुजींना विचारलं, “सर, तो खांब सरळ केला का?”

“दिवाळीच्या सुट्टीत करू,” गुरुजी म्हणाले. “येशील तेव्हा बघ.”