खुलासा : मॉन्टी पायथनचा पहिला सिनेमा 'जोडकाम' नाही

मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी कलाकारांच्या चमूबद्दल, 'मॉन्टी पायथनचा १९७१ चा पहिला सिनेमा म्हणजे बीबीसीवरच्या जुन्या चित्रफिती जोडून काढलेला माल' असा मजकूर ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. प्रहसनं त्यांच्या बीबीसीवरच्या मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांतलीच, पण अमेरिकी प्रेक्षक डोळ्यासमोर ठेवून ती फिल्मवर नव्याने चित्रित केली होती.

दोन्ही शेजारी लावून पाहा. मालिकेत मेलेल्या पोपटाच्या प्रसंगाला स्टुडिओतल्या प्रेक्षकांचं हसू आहे, सिनेमात ते नाही (आणि त्याची उणीव मला तरी जाणवते). शिवाय सिनेमात तो पोपट विकणारा दुकानदारच पुढे लाकूडतोड्याचं गाणं म्हणतो. टीव्हीवर ते न्हाव्याच्या प्रसंगातून सुरू होतं.

त्यांच्या १९७५ च्या 'होली ग्रेल' या सिनेमाची पटकथा तर नवीच होती. तेव्हा तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.