संकासुराक मल्टिवर्स लागणा नाय

मासेमारी बंदीच्या दिवसांत बाबल काहीही बघतो. होडी वर ओढलेली, जाळी शिवून झालेली, बाहेर धो धो पाऊस. 2025 च्या जुलैत तो पणजीला जाऊन सुपरमॅन बघून आला आणि सेन्सॉरने कापलेल्या 33 सेकंदांच्या मुक्याचं दुःख त्याने दसऱ्यापर्यंत पुरवलं. ते जरा कुठे विसरला होता, तर एका संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर, आमच्या कट्ट्यावर, फेस्टिवल अवतरला.

फेस्टिवल आमचाच वर्गमित्र. बँकेत असतो. दर नोव्हेंबरात रजा टाकून इफ्फीला, गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जातो आणि परतल्यावर महिनाभर गळ्यातलं कार्ड काढत नाही. बांगडे घ्यायला वाकला की कार्ड कोळणीच्या पाटीत. चार वर्षं पुण्यात काढल्यापासून मालवणी बोलत नाही. समजते मात्र सगळी, विशेषतः शिव्या.

बंटीचं (मोबाईलचं दुकान, अंगात कायम कॅप्टन अमेरिकाच्या ढालीचा टी-शर्ट) विचारणं साधं होतं. "पुढल्या डिसेंबराक अ‍ॅव्हेंजर्सचो नवो पिक्चर डूम्सडे येता. पणजीक कोण कोण येतलो?"

"तुम्ही अजून ते बघता?" फेस्टिवलने चष्मा पुसला. "आशय कुठाय त्यात? परवा मी एका सिनेमात सात मिनिटं एक बाई नुसती तांदूळ निवडताना पाहिली. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यावं."

"माज्या घरात रोज दिसता ता," आबा म्हणाले. आबा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. "आनी टाचणी कसली, भांडी पडतत."

"तुम्हाला गंमत वाटते. कान्सच्या महोत्सवात आपल्या सिनेमाला ग्रां प्री हे मोठं बक्षीस मिळतं, ते बघायला कोण जात नाही. आणि कान्स नव्हे, कान म्हणतात."

"खयचो? डावो काय उजवो?"

फेस्टिवलने आबांना ऐकलं नाही असं दाखवलं आणि बंटीकडे वळला. "तुमचा तो आयर्नमॅन 2019 ला मेला. तुम्ही गळे काढलेत. आता तोच नट डॉक्टर डूम होऊन परत येणार. ही काय कला झाली? मेलेला माणूस गिऱ्हाईक आहे म्हणून उठवायचा?"

बंटी मल्टिवर्स, म्हणजे एकाच माणसाची अनेक जगांतली अनेक रूपं, समजावायला लागला. तो समजावायला लागला की आम्ही समुद्राकडे बघतो. पण बाबलने बिडी विझवली, म्हणजे आता काहीतरी येणार.

"मेल्या, जत्रेक कधी रातभर बसलंस? दशावतारात संकासुर राक्षसाक दरवर्सा मारतत. रवळनाथाच्या जत्रेक मारतत, सातेरीच्या जत्रेक मारतत, तरी पुढच्या गावात तो हजर. एकच माणूस सुरवातीक राजा, मगे राक्षस. कोण विचारता तेका, आशय खंय म्हणान? तुझ्या हॉलिवूडवाल्यांका मेलेलो उठवूक मल्टिवर्स लागता. आमच्या संकासुराक कार्तिकी पुनव पुरता."

"ती लोककला आहे बाबल, तुलना नको."

"सप्टेंबरात दिलीप प्रभावळकरांचो पिक्चर लागलो, 81 वर्षांच्या माणसान दशावतारी उभो केल्यान, तेवा तुझी लोककला झाली. तेच्या आदी तुझ्या तोंडात दशावतार म्हणजे नुसतो धयकालो होतो. जत्रेतलो गोड खाजा घेवन धा वाजता घराक जाणारो तू!"

हे मी साक्षीने सांगतो. खाजं तो खरंच घ्यायचा, आणि आम्हाला द्यायचा नाही.

फेस्टिवलला वाटलं बाबलला गंभीर काही चालतच नाही. तिथेच तो फसला. कारण त्या कान की कान्सवाल्या सिनेमाचा, ऑल वी इमॅजिन ॲज लाईटचा, उत्तरार्ध रत्नागिरीकडचा आहे, आणि बाबलने तो होडीत बसून मोबाईलवर दोनदा बघितलेला.

"छाया कदम गावाक परत येता ना, ता माका लागला. कागद नाय म्हणान बिल्डरान खोलयेतून भायर काढल्यान. माज्या आत्येचा परळाक तसाच झाला. ती इली ती एक ट्रंक आनी स्टो घेवन, आनी म्हयनोभर कोणाकडे बोलूक नाय." थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तोच म्हणाला, "पण एक खोटा. बुडालेलो माणूस वेळेर मिळता, नर्स तेका जिवंत करता, आनी पोलीसपाटील येणाच नाय? हंय साधो कासव मिळालो तरी फॉरेस्टवालो येता!"

"ते रूपक आहे," फेस्टिवल म्हणाला.

"रूपकाचोव पंचनामो करतत."

इथे बंटीला 2019 चं आठवलं. आयर्नमॅन मरतो त्या एंडगेमला आम्ही पाच जण एका गाडीतून पणजीला चाललो होतो. 181 मिनिटांचा सिनेमा, बंटीने दोन दिवस मोबाईल बंद ठेवलेला, कोणी काही सांगू नये म्हणून. आणि किरणपाणीच्या पुलावर फेस्टिवलने मागच्या सीटवरून, वर्तमानपत्र वाचल्यासारखं, शेवट सांगितला. बंटी त्याच्याशी गणपतीपर्यंत बोलला नव्हता.

"तेचा माका कायएक नाय," बंटी म्हणाला. त्याचा आवाज सांगत होता की आहे. "पण शेवट सांगणारोच थेटरात सगळ्यात मोठ्यान रडललो! पुढच्या रांगेतल्या बायेन रुमाल दिल्यान!"

"एसी लागतो मला."

"डोळ्यांक?" आबांनी विचारलं.

बाबल हसता हसता धक्क्यावरून घसरला असता. आबांना ठसका लागला, त्यांच्या पाठीत थापट्या मारण्यात डूम्सडेला कोण येणार हे राहिलंच. चहाची पाळी फेस्टिवलची होती. त्याने खिसे चाचपले, मग सवयीने गळ्यातलं चाचपलं.

टपरीवाला कपबशा गोळा करत म्हणाला, "ता कार्ड हंय चलणा नाय. जीपे कर."