टायर अमर करण्याचे खात्रीशीर उपाय

गाडीबरोबर आलेले टायर किती चालतात, हा प्रश्न विचारायचा कसा ते आधी शिकून घ्या. गाडी दिसणार नाही अशा ठिकाणी बसायचं, समोरच्याला फक्त गाडीचं नाव सांगायचं आणि उत्तरादाखल एकच आकडा मागायचा. कोणी 40,000 किलोमीटर सांगेल, कोणी 80,000. दोघेही खोटं बोलत नसतात. एकाचा पाय ॲक्सिलरेटरवर जड असतो, दुसऱ्याची गाडी सरळ महामार्गावर एका लयीत पळत असते. पण असल्या चौकशा करून डोक्याला ताप करून घेऊ नये. दोन्हींतला मोठा आकडा उचलावा, तो आपलाच समजावा आणि निश्चिंत व्हावं. आकडा एकदा मनाशी धरला की टायरकडे बघावं लागत नाही, हा त्याचा खरा उपयोग. पुढचे सगळे उपाय याच तत्त्वावर आधारलेले आहेत: वाकायचं नाही.

कारण वाकलात तर नको ते दिसतं. टायरच्या मोठ्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते सापडावेत म्हणून टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं किंवा बारीकसा त्रिकोणही असतो. म्हणजे तुमच्या सुखात बिब्बा घालायची तयारी कारखान्यातच झालेली असते. नक्षी झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की खाच 1.6 मिलिमीटर उरली. बऱ्याच देशांच्या कायद्यात हीच शेवटची मर्यादा आहे. यावरून निष्कर्ष सोपा आहे: 1.7 मिलिमीटरचा टायर ठणठणीत. रस्त्यावर साचलेलं पाणीही कायदा वाचूनच बाजूला होत असणार. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर 3 मिलिमीटरच्या आसपासच वाढू लागतं आणि म्हणून तेव्हाच टायर बदला, असं काही जाणकार म्हणतात. त्यांना टायर विकायचे असतील, दुसरं काय.

हिशेबही आपल्या सोयीचा ठेवावा. नव्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर असते. 4 उरली की छातीठोकपणे म्हणा, ‘अजून अर्धा टायर बाकी आहे.’ शेवटची 1.6 वापरायची नसते, म्हणजे मुळात हातात होती 6.4 आणि त्यातली 60 टक्क्यांहून जास्त उडाली, असं गणित कोणी मांडलं तर त्याला शाळामास्तर म्हणून गप्प बसवा. तरीही ऐकला नाही, तर रामबाण युक्तिवाद काढा: रेसच्या गाड्यांना कुठे नक्षी असते? त्यांचे टायर तर गुळगुळीतच! बिनतोड मुद्दा आहे. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत रबर खरंच घट्ट पकड देतं. त्याच रेसमध्ये पाऊस सुरू झाला की सगळे धावत जाऊन खाचांचे टायर चढवून येतात, तेवढा भाग दाखवायच्या वेळी टीव्ही बंद करायचा.

आता ‘कंपनी फिटेड’ या शब्दांबद्दल. हे शब्द उच्चारताना आवाजात थोडी भक्ती हवी. गाडी बनवणाऱ्यानं स्वतः निवडून बसवलेला टायर म्हणजे तो सर्वांत टिकाऊ असणारच, ही श्रद्धा ढळू देऊ नका. त्यानं तो निवडला कशासाठी, हे मात्र शोधायला जाऊ नका. गाडी कागदावर लिटरमागे जास्त धावावी, पहिल्या फेरीत गुपचूप आणि मऊ वाटावी, वजन कमी भरावं, अशा मागण्या गाडीवाले टायरवाल्यांकडे करतात आणि त्यांना हवं तसं रबर खास बनवून घेतात. टायर किती वर्षं टिकेल, हा प्रश्न त्या यादीत असतो, पण पहिल्या ओळीवर असेलच असं नाही. म्हणून तर काही टायरांवर खुणा असतात: बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, पोर्शसाठी ‘एन’ आणि पुढे एक आकडा. नाव तेच, नक्षी तीच आणि तरी दुकानातला टायर वेगळा निघू शकतो. शिवाय सुट्या विकत घेतलेल्या टायरवर काही कंपन्या इतके किलोमीटर चालण्याची जी हमी देतात, ती गाडीबरोबर आलेल्या टायरला बहुतेक वेळा नसते. वॉरंटीची पुस्तिका उघडलीत तर हे कळेल. त्यामुळे ती प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहू द्या.

ज्यांना आकड्यांची फारच हौस आहे त्यांच्यासाठी टायरच्या कडेवर आणखी एक मेजवानी असते: ‘ट्रेडवेअर’, म्हणजे नक्षीची झीज, आणि पुढे 300, 400 किंवा 500. या आकड्याला मनाला येईल त्या संख्येनं गुणून किलोमीटर काढा. अमेरिकेतल्या या पद्धतीत टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर टायर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास पळवतात, त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडून बघतात, प्रमाण टायरला 100 धरतात आणि टायर बनवणारी कंपनी स्वतःच आपल्या मालाला आकडा देते. म्हणजे 400 चा टायर 200 वाल्यापेक्षा हळू झिजावा, इतकाच त्याचा अर्थ. पण इतक्या कोरड्या अर्थात गंमत नाही. तुम्ही गुणाच.

हवेचा विषय निघाला की थोडं सावरून बसा, कारण टायर लवकर मारायचे असतील तर हवेसारखं साधन नाही, आणि ते फुकट आहे. हवा डोळ्यांनी तपासायची. रेडियल टायर हवा बरोबर असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो आणि बरीच कमी झाल्यावरही जवळपास तसाच दिसतो, त्यामुळे डोळ्यांचं उत्तर नेहमी ‘ठीक आहे’ असंच येतं. समाधान झालं नाही तर बुटाच्या टोकानं एक लाथ घाला. टायरला काही कळत नाही, पण बघणाऱ्याला तुम्ही जाणकार वाटता. पंक्चर नसलेल्या टायरमधूनही महिन्याला साधारण 1 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा झिरपते. शिवाय बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की आणखी 1 जाते. ही गोष्ट तुमची नसून निसर्गाची आहे, आणि निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करू नये.

मोजायचीच वेळ आली तर लांबचा प्रवास करून आल्या आल्या मोजा. टायर तापलेला असल्यानं काटा काही पीएसआय वर दाखवेल. मग ‘जास्त झाली’ म्हणून ती जास्तीची हवा सोडून द्या. सकाळी टायर थंड झाला की हवा नेमकी हवी त्यापेक्षा कमी भरेल. किती हवी, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. ते वाचायला दार उघडून, पुन्हा तेच, वाकावं लागतं. त्यापेक्षा टायरच्या अंगावर छापलेला कमाल दाबाचा आकडा घ्या. तो टायरची वरची मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीला किती हवा लागते ते नाही, हा फरक फार सूक्ष्म आहे. हवा कमी ठेवलीत तर दोन्ही कडा झिजतील आणि टायर आतून तापेल. जास्त भरलीत तर मधला पट्टा जाईल आणि गाडी दगडासारखी आपटेल. एका महिन्यात हे, दुसऱ्या महिन्यात ते, असं आलटून पालटून केलं की टायर निदान सगळीकडून सारखा झिजेल.

काही गाड्यांत डॅशबोर्डवर हवेचा दिवा असतो. तो लागत नाही तोवर सगळं आलबेल आहे असं मानायला हरकत नाही. अमेरिकेच्या नियमात त्या दिव्यानं हवा 25 टक्के उतरल्यावर बोललं तरी चालतं. म्हणजे 32 हवी असेल तर 24 पर्यंत तो सभ्यपणे गप्प बसू शकतो. आणि लागलाच, तर काळी चिकटपट्टी कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

अलाइनमेंटवर खर्च करू नका. गाडी डावीकडे ओढत असेल तर स्टिअरिंग कायमचं थोडं उजवीकडे धरा. खांद्याला व्यायाम होतो. चाकांचा कोन बिघडलेला असेल तर बऱ्याचदा टायरची आतली कड आधी जाते आणि इथेच खरी मौज आहे: बाहेरून बघणाऱ्याला भरगच्च नक्षी दिसते आणि आतल्या बाजूला रबराखालच्या तारा बाहेर डोकावत असतात. पुढचं चाक पूर्ण वळवून उभं केलं की ही आतली कड लख्ख दिसते. म्हणून गाडी लावताना चाकं सरळ करायची शिस्त पाळा. नक्षीवर हात फिरवल्यावर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर तो ‘टो’, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडल्याचा पुरावा असतो. हातही फिरवू नका.

टायर आलटून पालटून लावायची, म्हणजे रोटेशनची, भानगडही टाळा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बराचसा भारही तीच घेतात. मागची नुसती सोबतीला धावतात. दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला जागा बदलल्या तर चारही टायर बरोबरीनं म्हातारे होतात, आणि मग चार एकदम घ्यावे लागतात. न बदलल्यास पुढचे दोन लवकर जातात आणि आपण दोनच घेऊन सुटतो. हे दोन नवे टायर कुठे लावायचे? अर्थात पुढे! दिसतात ना सगळ्यांना. टायर बनवणाऱ्या कंपन्या एकमुखानं सांगतात की नवे मागे लावा, कारण ओल्या वळणावर मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि साध्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही. त्यांना काय माहीत, तुम्ही साधे ड्रायव्हर नाही.

बॅटरीवर चालणारी गाडी असेल तर वेगळे कष्ट घ्यायची गरज नाही. एक तर ती तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड, त्यात पायाखाली सगळा जोर तत्काळ हजर. प्रत्येक सिग्नलला शेजारच्याला मागे टाकून दाखवा, टायर आपोआप मार्गी लागतील.

आता वाचकांतला एक वर्ग मनात हसत असेल. यांची गाडी महिनोन्‌महिने उभी असते, आठवड्यातून एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते, नक्षी जशीच्या तशी आहे. ‘गाडी फिरलीच कुठे?’ हे यांचं घोषवाक्य. अशा मंडळींनी टायरच्या कडेवरचे चार आकडे कधीही शोधू नयेत. 2319 असं लिहिलेलं असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला, नक्षी काहीही म्हणो. हा पूर्ण कोड बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतो, आणि तुमचं नशीब जोरावर असेल तर ती बाजू गाडीच्या पोटाकडे वळलेली असेल. रबर नुसतं पळून झिजत नाही. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन त्याला उभ्या जागी कडक करत असतात. त्यापासून वाचवायला रबरात मेणं आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दाबला जातो तसतशी ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला ही सोय नाही. म्हणून गाड्या बनवणाऱ्या कित्येक कंपन्या म्हणतात की 6 वर्षांनी टायर बदला, मग नक्षी असो वा नसो. टायर बनवणाऱ्यांपैकी काही जण थोडे उदार आहेत: 5 वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि 10 वर्षांपुढे तर वापरूच नका. इतक्या कोवळ्या वयात टायर फेकून द्यायचा? कडेला बारीक भेगा दिसल्या तर काळंभोर पॉलिश चोपडा. भेगा भरत नाहीत, दिसत नाहीत, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

खड्ड्यात आपटून टायरच्या कडेला फुगा आला असेल तर मात्र जरा गंभीर व्हा आणि गाडीची ती बाजू भिंतीकडे करून लावा. आतल्या दोऱ्या तुटल्यावरच असा फुगा येतो, त्याची दुरुस्ती होत नाही आणि तो कधी फुटेल याचा नेम नसतो. भर वेगात फुटला तर त्या चाकाचा रस्त्याशी असलेला तळहाताएवढा संबंधही संपतो. एवढ्याशा जागेवर सगळी गाडी तोललेली असते, हे एकदा ऐकलं की झोप उडते. म्हणून ते ऐकलंच नाही असं समजा.

स्टेपनीला तर कुणी हातच लावू नये. ती चारही टायरांच्या बरोबरीची, त्यांच्याइतकीच जुनी, सामानाखाली निवांत पडलेली असते. तिच्यातली हवाही महिन्याला थोडी थोडी जातच असते. ती आहे, एवढ्या भावनेनं माणसाला जो धीर येतो, तो तपासल्यावर टिकेल याची खात्री देता येत नाही.

एवढं करूनही एखाद्या दिवशी बाहेरच्या बाजूनंसुद्धा तारा दिसायला लागल्या, तर खचून जाऊ नका. गाडी विकायला काढा. आदल्या संध्याकाळी पॉलिशचा जाड थर द्या, फुगा असलेली बाजू भिंतीला लावा, चाकं सरळ. जाहिरातीत ‘कंपनी फिटेड टायर’ ठळक अक्षरांत टाका, आणि घेणारा फारच खोलात शिरू लागला तर डिकी उघडून स्टेपनी दाखवा. तिच्यावरची नक्षी खरोखरच पूर्ण आहे.