तयार खोल्यांची इमारत ‘पत्त्यांचा बंगला’ नाही

चिपळूण-रत्नागिरीत नव्या इमारतींची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास पुढे येतो: कारखान्यात ओतलेल्या खोल्या एकावर एक रचलेली इमारत म्हणजे पत्त्यांचा बंगला, सांधा तिथे धोका, लंडनला अशी इमारत कोसळलीच होती, भूकंपात टिकणार नाही, खाऱ्या हवेत सळया सडतील, पावसात गळेल.

‘सांधा तिथे धोका.’ जागेवर ओतलेल्या इमारतीतही दर स्लॅबला कॉलमचा सांधा येतोच. तयार भिंतींत खालच्या भिंतीची सळई वरच्या भिंतीतल्या नळीत शिरते. मग नळीच्या खालच्या भोकातून न आकसणारं ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) पंपाने भरतात, ते वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. बाहेर आलं नाही तर आत पोकळी आहे, आणि ती प्लास्टरखाली कायमची झाकली जाते. म्हणून भीती सांध्याची नको, न तपासलेल्या सांध्याची हवी. प्रत्येक नळी भरल्याची नोंद आणि फोटो ताबा घेण्याआधी मागाच.

‘लंडनला कोसळली.’ खरं आहे. 16 मे 1968 रोजी 22 मजली रोनन पॉइंटमध्ये 18व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, अख्खा कोपरा खाली आला आणि 4 माणसं गेली. तिथे भिंतींचे तयार पॅनेल एकमेकांना पुरेसे बांधलेलेच नव्हते. पण मजकूर 1968 लाच थांबतो. 1970 मध्ये ब्रिटनने नियम बदलले: पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतीत एक भाग निकामी झाला तरी बाकीची कोसळता कामा नये. आजचे सांधे त्या धड्यातून आले आहेत.

‘भूकंपात टिकणार नाही.’ 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात घाटापलीकडे दगड-मातीची घरं पडली, कारण त्यांच्या भिंती एकमेकींना धरून नव्हत्या. तयार खोल्यांच्या इमारतीत मजले जागेवर ओतलेल्या काँक्रीटने एकसंध करता येतात आणि आडवा धक्का लिफ्ट-जिन्याभोवतीच्या भिंतींवर नेता येतो. आराखड्यात हे नसेल तर मात्र ते घर मीही घेणार नाही.

‘सळया सडतील.’ खारी हवा दोन्ही प्रकारच्या इमारतींना सारखीच लागते. किनाऱ्यासाठी आपलं मानक किमान एम 30 प्रतीचं (मजबुतीची प्रत) काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, मागतं. ते कारखान्यात पाळणं सोपं जातं. साइटवर न धुतलेली खाडीची वाळू आली की मीठ काँक्रीटच्या आतच शिरतं.

‘गळेल.’ ही शंका सर्वांत रास्त. कोकणात पाऊस आडवा झोडपतो. सिंगापूरच्या दमट, पावसाळी हवेत 2019 पासून अशाच खोल्यांचे 40 मजली मनोरे उभे आहेत (तिथे भूकंपाचा धोका कमी, म्हणून हा दाखला फक्त पावसापुरता). सांध्यात बाहेर सीलंट (फट बुजवणारा लवचिक लेप), मध्ये पाणी उतरायला पोकळी आणि आत दुसरा अडसर असावा लागतो. बाहेरचं सीलंट उन्हाने कडक होऊन फाटतं, ते काही वर्षांनी बदलावंच लागतं. हा खर्च बिल्डरने बुकिंगच्या वेळीच सांगायला हवा आणि सोसायटीने पहिल्या वर्षापासून निधीत धरायला हवा.