‘हलकं म्हणून घेतलं आणि डोक्याला ताप झाला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा आला. मी तो कार्यशाळेत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दोन तारे दिलेत आणि तिसऱ्या नंबरची तारही दोनदाच तुटली, म्हणजे हिशोबाला तुम्ही चोख आहात! इतर वाचणाऱ्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. ७ किलोचं म्हणून घेतलेलं छोटं पेडल स्टील (पायांवर आडवी उभी केलेली गिटार, जिच्या तारांचा सूर पायाच्या पेडलांनी बदलतो) काट्यावर साडेदहा भरलं. पेडल दाबलं की बाकीच्या तारा उतरतात. तिसरी तार महिन्यात दोनदा तुटली. जोडायला पंचवीस मिनिटं लागतात. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘हे वाद्य नाही, खेळणं आहे.’

वजनाच्या बाबतीत सरळ आमची चूक आहे. ७ किलो हे नुसत्या बॉडीचं वजन. चार पाय, पेडलची पट्टी, रॉड आणि बॅग धरली की साडेदहा होतात, आणि उचलून न्यायचं असतं ते सगळं मिळून. नेहमीचं दहा तारांचं वाद्य पेटीसकट वीस किलोच्या घरात जातं, त्या मानाने हे निम्मं आहे. पण ते जाहिरातीत तसंच लिहायला हवं होतं. आता बदललंय. तेवढ्या कारणासाठी परत करायचं असेल तर मुदत उलटली असली तरी घेऊ, पाठवण्याचा खर्च आमचा.

तारा उतरण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच तक्रारीत घातल्या आहेत.

पहिली गोष्ट वाद्याच्या अंगातच आहे. आठव्या तारेला, म्हणजे खालच्या ईला, ट्यूनर लावा. तार छेडा आणि ती वाजत असतानाच ए आणि बी नावाची दोन्ही पेडल दाबा. या पेडलांचा ईशी काही संबंध नाही, तरी काटा खाली सरकेल. पेडलचा रॉड चेंजरला, म्हणजे तारांची टोकं धरणाऱ्या यंत्रणेला, ओढतो, चेंजर दुसऱ्या तारा ताणतो, तो सगळा जोर बॉडीवर येतो, बॉडी केसभर वाकते आणि ज्यांना कुणी हात लावलेला नाही त्या तारा सैल पडतात. जड वाद्यातही हे होतंच. आमच्याकडच्या जुन्या दहा-तारीवर हीच चाचणी केली तर ई ४ सेंट उतरते, तुमच्या मॉडेलवर ७. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट, त्यामुळे आकडा फार मोठा नाही. पण कान तयार असेल तर ७ सेंट खटकतात, हे मान्य. फरक का, तर आम्ही वजन तिथूनच काढलंय. बॉडीची जाडी कमी केली आणि तारेची लांबी २४ इंचांवरून साडेबावीसवर आणली. आखूड तार त्याच सुराला कमी ताणलेली असते, म्हणून बॉडी तेवढीच वाकली तरी सूर जास्त हलतो. यावर उपाय म्हणजे तडजोडच: चौथी आणि आठवी तार, म्हणजे दोन्ही ई, ३ सेंट चढ्या लावा, म्हणजे चूक दोन्हीकडे वाटली जाते.

दुसरी गोष्ट वाद्याची नाही, ट्यूनरच्या हिरव्या दिव्याची आहे. सगळ्या तारांवर दिवा हिरवा आणि कॉर्ड तरी बेसूर, असं तुम्ही लिहिलंय. ईच्या कॉर्डमध्ये जी शार्प हा गंधार. ट्यूनरचा गंधार षड्जाशी नैसर्गिक जुळणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. पियानोत ते खपून जातं, पण स्टीलचा सूर लांबत राहतो आणि तिथे उघडं पडतं. तेव्हा तिसरी आणि सहावी तार, म्हणजे दोन्ही जी शार्प, दिव्याकडे न बघता, ईबरोबर वाजवून कानाने उतरवा. बी पेडल दाबलं की हीच जी शार्प ए होते, आणि एच्या कॉर्डमध्ये ती षड्ज असते, गंधार नव्हे. तिला तिथे उतरवायचं नाही. तिथे गंधार होते ती पाचवी तार, ए पेडलने सी शार्पवर चढलेली. म्हणून उघडी तार आणि पेडलचा सूर यांना लावायच्या जागा वेगळ्या आहेत: उघडी तार डोक्याकडच्या स्क्रूने, पेडलचा सूर चेंजरच्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी. तुम्ही पेडल दाबून डोक्याकडचा स्क्रू पिळत होतात, असं तुमच्याच वर्णनावरून दिसतं. तसं केलं तर एक जुळवताना दुसरं बिघडणारच. पत्रकात हे आम्ही दीड ओळीत उरकलं होतं, तो दोष आमचा.

आता तिसरी तार. ती फक्त ०.०११ इंच जाडीची असते आणि बी पेडलने सतत वरखाली होते, म्हणून कुठल्याही पेडल स्टीलवर सगळ्यात आधी तीच जाते. पण आमच्या आखूड लांबीवर तिच्यावर ताण कमी असतो, तेव्हा ती कमी तुटायला हवी. म्हणून ‘दोनदा’ हे वाचून मी चपापलो. तुमच्या फोटोत तार चेंजरच्या टोकाशीच तुटलेली दिसते. त्याच खेपेतली दोन वाद्यं उघडली. एकात काही नव्हतं. दुसऱ्यात चेंजरच्या तिसऱ्या बोटावर, म्हणजे तिसरी तार धरणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, तार जिथे वळते नेमकी तिथे, नखाला लागेल एवढी खर निघाली. बहुतेक तुमच्याकडेही तीच आहे. घरी घासू नका, बोटाचा घाट बिघडला तर कायमची डोकेदुखी. नवं बोट पाठवतोय, आणि त्या खेपेतल्या सगळ्यांना कळवतोय.

जोडायला पहिल्या काही वेळी पंचवीस मिनिटं लागतातच. रॉडना रंगाच्या खुणा करून ठेवल्या की दहात होतं.

खेळणं म्हणालात ते मात्र मान्य नाही. आठच तारा आहेत, खालचा खर्ज गेला, हे खरं. पण त्या दोन तारा आम्ही मुद्दाम तळाकडून काढल्या, म्हणजे तिसरी तार तिसरीच राहते आणि इथे बसलेला हात मोठ्या वाद्यावर तसाच चालतो. वाद्य घरातून हलणारच नसेल तर जडच घ्यावं, असं मी फोनवर विचारणाऱ्यांनाही सांगतो. तुम्ही प्रवासात न्यायचं म्हणून घेतलंत, तिथे हे उपयोगी पडावं अशी माझी धडपड आहे.

पार्सल उद्या निघेल. बोट, तिसऱ्या तारेचे सहा नग आणि नटाची छोटी चावी त्यात आहे. नट एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि प्रत्येक वेळी पेडल दोन-तीनदा दाबून मगच सूर तपासा.