‘हळद ती हळद’ म्हणणाऱ्या वाचकांना

हळदीच्या दुधावरच्या माझ्या लेखाखाली ‘परखड’ या टोपणनावाने काल रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. तिचा गोषवारा असा: हळदीतलं कर्क्युमिन (तिला पिवळा रंग देणारं द्रव्य) अंगी लागतच नाही, ‘अर्धा चमचा’ म्हणजे किती ते लिहिलेलं नाही, असल्या लेखांमुळे लोक दवाखाना टाळतात, ‘हळद ती हळद, पाकिटातली काय नि शेतातली काय’, आणि कृतीबरहुकूम करूनही दूध फाटलं. शेवटी ‘आजीबाईचं दुकान बंद करा’ असा फुकटचा सल्ला.

परखड असणं वेगळं आणि खेकसणं वेगळं. हेच मुद्दे ‘अहो, जरा समजावून सांगा’ म्हणून विचारले असते, तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. आजीबाईला कशाला मध्ये ओढायचं?

चमच्याचं मान्य, चूक माझीच. चहाचा सपाट चमचा म्हणजे हळद साधारण तीन ग्रॅम. अर्धा म्हणजे दीड. एक कप दुधाला तेवढी पुरे. लेखात दुरुस्ती केली आहे.

दवाखान्याचं म्हणाल तर लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचा. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासा, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे सगळं तिथे आहे. तुम्ही तिथवर पोचला नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

आता ‘हळद ती हळद’. हे वाक्य सांगलीच्या मार्केट यार्डात, सौदा चालू असताना, मोठ्याने म्हणून बघा. माझी तीस वर्षं याच मालात गेली आहेत, त्यामुळे हे एक वाक्य मी सहजासहजी सोडणार नाही.

ओली हळद काढली की गड्डे (मुख्य जाड कंद) नि हळकुंडं (त्यांना फुटलेली बोटं) वेगळी करतात आणि शिजवतात. पूर्वी कढईत, वर हळदीचा पाला नि गोणपाट झाकून. आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये. गड्डा जाड, त्याला वेळ जास्त लागतो. दोन्ही एकत्र टाकले की एक कच्चा राहतो नाहीतर दुसऱ्याचा गाळ होतो. झाली का हे काडीने बघायचं. काडी अलगद आरपार गेली की उतरवायची. कच्ची राहिली तर वाळायला वेळ खाते, आतून पिठूळ राहते, पुढे कीड धरते. जास्त शिजली तर रंग काळपट पडतो. मग दहा-पंधरा दिवस ऊन. पाच किलो ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक किलो होते. शेवटी ड्रममध्ये फिरवून वरची साल नि खवले काढायचे, त्याला पॉलिश म्हणतात.

नीट वाळलेलं हळकुंड फरशीवर टाका, खणकन वाजतं. मोडलं की कडकन तुटतं आणि आत कडेपासून मध्यापर्यंत एकच केशरी-पिवळा रंग दिसतो. मध्ये फिकट चकती दिसली तर ती कच्ची शिजलेली. वाकून तुटलं तर ओल आहे. पाकिटातल्या पुडीत यातलं काय दिसणार? दळल्यावर चांगलं-वाईट एकाच रंगाचं होतं, आणि रंग कमी पडला तर वरून घालणारेही असतात. लेड क्रोमेट हे शिशाचं विषारी संयुग त्यासाठीच वापरलं जातं. अख्खं हळकुंड ग्लासभर पाण्यात टाकून बघा: पाणी लगेच गडद पिवळं झालं तर तो रंग वरचा आहे.

जातीचाही फरक आहेच. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून आलेली ‘फुले स्वरूपा’ किंवा नेहमीची सेलम, यांत कर्क्युमिन कमी-जास्त असतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगीच नाही. आणि पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यांत, हवा लागू न देता हळद वर्षानुवर्षं राहायची. तुम्ही खिडकीतल्या काचेच्या बरणीत ठेवत असाल, तर उजेडाने तिचा रंग नि कर्क्युमिन दोन्ही उतरतं.

राहिलं कर्क्युमिन अंगी न लागण्याचं. मिरीतल्या पिपरीनमुळे ते जास्त शोषलं जातं, हे बंगळूरच्या १९९८ च्या प्रयोगात दिसलं. तिथे माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन आणि वीस मिलिग्रॅम पिपरीन दिलं होतं. आपल्या दीड ग्रॅम हळदीत कर्क्युमिन पन्नास-साठ मिलिग्रॅम. हिशेब मलाही येतो. म्हणूनच लेखात ‘रोग बरा होतो’ नाही, ‘घसा शेकतो, रात्री ढास कमी होते’ असं लिहिलंय. तेवढ्यासाठी या आकड्यांशी भांडायची मला गरज वाटत नाही.

दूध फाटलं ते मात्र हळदीने नाही. तुम्ही गूळ उकळत्या दुधात टाकला असणार, नाहीतर कच्चं आलं. कच्च्या आल्यातला रस दुधातली प्रथिनं तोडतो. आलं आधी दोन चमचे पाण्यात चांगलं उकळून घ्या. अर्धा चमचा तुपात हळद मंद आचेवर फक्त काही सेकंद परता, करपली की कडू होते. मग दूध, दोन ठेचलेल्या मिरी, ते उकळलेलं आलं, चार-पाच मिनिटं बारीक उकळी. गॅस बंद करून दूध पिण्याइतकं निवल्यावर गूळ. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. शेवटचा घोट ढवळून घ्या.